रात्री पाणी द्यायला दोघंच असतोत, दोघांत रंगतील असे पत्त्यांचे डाव सांगा

आखाड्यावरचा (जिंतूर, जि. परभणी)

रामराम मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण अडचण सांगितल्याशिवाय उत्तर नीट यायचं नाही म्हणून जरा लांबण लावतो.

सध्या हरभऱ्याला पाणी चालू आहे. या हप्त्यात थ्री-फेज लाईट रात्री १० ला येते अन् सकाळी ६ ला जाते. मी अन् माझे चुलते, दोघंच आखाड्यावर असतोत. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं आखाडा म्हणजे कुस्तीचा नाही, शेतातलं घर.) स्पिंकलरचा एक पट्टा तीन तास चालवायचा, मंग चिखलात उतरून पाईप उचलायचे अन् पुढच्या पट्ट्यात जोडायचे. १० ला जोडला की १ ला उठायचं, १ ला जोडला की ४ ला. जास्त वेळ चालला की हरभरा उभळतो. गेल्या साली मी झोपलो, नानाबी झोपले, अन् सकाळी बघतोत तर एका कोपऱ्यात डबकं. तिथला हरभरा पिवळा पडून गेला. वरून लाईट मधीच डीम होते, स्टार्टर पडतो, मंग कुणीतरी जागं पाहिजेच.

नाना म्हणजे आमचे चुलते. वय ७१. सही पुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलच्या उजेडानं डोळ्याला पाणी येतं म्हणतेत. पण पत्ते? पत्ते लांबून ओळखतेत. मारुतीच्या पारावर त्यांचा मेंढीकोटाचा चौघांचा अड्डा होता. एक जण लेकाकडं पुण्याला गेला, एक वारले, तिसऱ्याला ऐकू येत नाही अन् हुकूम कोणता ते चार वेळा विचारतो. मंग बसणं मोडलं. आता आखाड्यावर त्यांच्यासमोर मी एकटाच. माझं पत्त्यातलं डोकं बेताचं.

आतापर्यंत करून बघितलेलं: गुलामचोर दोन रात्री खेळलो, नानांनी पत्ते टाकून दिले, म्हणले ‘हे लेकरायचं आहे’. मंग दोघांनी दोन-दोन हात धरून मेंढीकोट खेळलो. म्हणजे मी माझाबी भिडू अन् मीच माझ्या भिडूला इशारा करायलो. ते तर लईच येड्यावानी झालं.

अटी अशा. कॅट एकच आहे, ५२ पानाचा, दोन जोकर शाबूत. डाव मधीच सोडून उठता आला पाहिजे. बॅटरीच्या उजेडात खेळता आला पाहिजे. आखाड्याला भिंती तीनच, चौथ्या बाजूला ताडपत्री, म्हणजे वारं येतं. अन् पैसा नाही. आमच्या घरात एक बैलजोडी पत्त्यात गेलेली आहे. कुणाची ते विचारू नका.

उलटी टोपी (बीड)

तीन तासांनीच उठायचं तर मोबाईलला अलार्म लावा की राव. पत्ते कशाला पाहिजेत?

आखाड्यावरचा

लावल्ता. तो बंद करून परत झोपणाराबी मीच होतो.

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

नमस्कार. मी गणित शिकवत असे, आणि पत्त्यांवरून मुलांना बेरीज शिकवल्याबद्दल एकदा वरिष्ठांची बोलणीही खाल्ली आहेत. (एक्का म्हणजे १ आणि राजा म्हणजे १३ धरला तर एका रंगाची बेरीज ९१. चार रंगांची ३६४. एक जोकर मिळवला की वर्षाचे दिवस. दुसरा जोकर लीप वर्षाचा. मुलं बाकी सगळं विसरली, हे विसरली नाहीत.)

तुमचा गुलामचोर का फसला ते आधी बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तीन गुलाम बाजूला काढले, उरलेली ४९ पानं दोघांत वाटली, जोड्या खाली टाकल्या. आता तुमच्या हातात एक पंजी उरली असेल तर तिची जोड नानांकडेच असणार. दुसरीकडे असायला तिसरा माणूस आहेच कुठे? म्हणजे तुम्ही त्यांच्या हातातलं जे पान ओढाल ते जुळणारच, एक गुलाम सोडून. चौघांत जी धाकधूक असते तिचा दोघांत मागमूस राहत नाही. शेवटच्या दोन-तीन पानांवर काय ती छापा-काटा. नाना म्हणाले ते बरोबरच आहे.

दोघांच्या खेळाची खोच इथेच आहे. सगळी पानं वाटून टाकली की समोरच्याचा हात आपोआप कळतो, कारण जे माझ्याकडे नाही ते त्याच्याकडे. नानांसारख्या मुरलेल्या माणसाला तर तो आरशात दिसावा तसा दिसेल. तेव्हा काही पानं दोघांपासूनही लपलेली राहतील असा डाव हवा.

आमच्याकडे दोघांसाठी सात-आठ खेळतात. पाच-तीन-दोन माहीत असेल तर हे त्याचंच भावंड. दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी पानं काढा. सत्त्यांपैकी इस्पिकची आणि बदामाची ठेवा, किलवर आणि चौकटची काढा. राहिली ३० पानं, प्रत्येकी १५. पिसणाऱ्याने ७ हात करायचे, हुकूम बोलणाऱ्याने ८. (दोघांचं एकेक पान पडलं की एक हात.) नुसतं १५-१५ वाटून खेळलात तर मघाचीच अडचण येते. म्हणून आम्ही मांडणीचं सात-आठ खेळतो. आधी पाच-पाच पानं हातात. त्यांवरून समोरचा हुकूम बोलतो. मग प्रत्येकाच्या पुढ्यात पाच पानं पालथी मांडायची, आणि त्या प्रत्येकावर एक-एक पान उघडं. झाली पंधरा. उतारी, म्हणजे पहिलं पान, हुकूम बोलणाऱ्याची. हातातलं पान टाका नाहीतर पुढ्यातलं उघडं टाका, पण रंगाला रंग द्यायचाच. उघडं पान गेलं की तो हात संपल्यावर त्याखालचं पालथं पान सुलट करायचं. इथे खरी मजा येते. आपण मोठ्या ऐटीत बदामाचा एक्का टाकून हात ओढावा, आणि खालून निघावी किलवरची अठ्ठी.

एखाद्याने ठरल्यापेक्षा दोन हात जास्त केले तर पुढच्या डावात तो समोरच्याच्या हातातली दोन पानं न बघता ओढतो आणि बदल्यात आपली नको असलेली दोन देतो. ही ओढाओढी हुकूम बोलण्याआधी की नंतर, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. आम्ही ठरवलं नव्हतं. माझे मेहुणे त्यावरून जेवायला थांबले नव्हते एका दिवाळीला.

लेक लातूरची

गुरुजींचं सगळं पटलं, पण दादा, रात्री दोन वाजता पंधरा पानांचा हिशोब कुणाला सुचतो हो?

आम्ही भावंडं पत्ते कुठं शिकलो सांगते. २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते वर्ष. गल्लीत टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, रात्री साडेबारालाही यायचा. घागरी, बॅरल, पाईप रांगेत लावून मी आणि माझा धाकटा भाऊ ओट्यावर बसायचो. तेव्हा भिकार-सावकार खेळायचो. कॅट निम्मा निम्मा करायचा, पानं न बघता एकेक मधे टाकायचं. सत्तीवर सत्ती, राणीवर राणी पडली की अख्खा ढीग टाकणाऱ्याचा. ज्याची पानं संपली तो भिकार. डोकं शून्य लागतं. पण तुम्हाला सांगून ठेवते, हा खेळ जागं ठेवत नाही. दहा मिनिटांत हात आपोआप चालतो आणि डोळे मिटतात. एकदा टँकर येऊन गेला आणि आम्ही दोघं ढिगावर डोकं ठेवून झोपलेलो. आई बाहेर येऊन म्हणाली, ‘काय करलालाव गं? पाणी गेलं की!’ त्यानंतर तो खेळ आमच्या घरात बंद झाला.

मग आम्ही बदाम सात दोघांचा करून घेतला. १३-१३ पानं वाटायची, उरलेली २६ मधे पालथी. बदाम सत्ती ज्याच्याकडं असेल तो मांडतो, ढिगात असेल तर शोधून आधीच मांडून टाकायची आणि ढीग परत पिसायचा. तुमच्या पाळीला लागणारं पान असेल तर लावा. नसेल तर ढिगातलं एक उचला आणि गप बसा. आधी हात मोकळा होईल तो जिंकला. यात नाक दाबता येतं, हेच त्यातलं सुख. इस्पिकची अठ्ठी हातात धरून बसायचं. समोरच्याच्या हातात नश्शी, दश्शी, गुलाम सगळे कुजत पडलेत हे त्याच्या तोंडावरनं कळत असतं. भाऊ रडायचा. आता तो तिकडं बँकेत आहे, अजून म्हणतो की ती अठ्ठी तू मुद्दाम धरली होतीस. धरली होती!

तुमच्यासाठी याची अडचण एकच. मांडणीला जागा लागते, आणि तुमच्याकडं वारं आहे.

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, हे सगळं ठीक आहे, पण दोघांचा खरा डाव एकच, रमी. १३-१३ पानं, मधी गड्डी, एक पान उघडं. एक तरी सीक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळीची पानं, जोकरशिवाय पाहिजे. कॅट एकच असला तरी दोघांना पुरतो. अन् गुरुजी म्हणतात तसं अर्धी पानं गड्डीत लपलेली राहतात. तीन-चार जण असले की कोण काय उचलायलंय ते ध्यानात राहत नाही. दोघांत मात्र त्यानं उघड्यातून उचललेलं प्रत्येक पान ध्यानात राहतं. तुम्ही चौकटची नश्शी टाकली अन् त्यानं उचलली, तर दश्शी मरेपर्यंत सोडायची नाही.

रमी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात म्हणून सांगतो. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच सांगितलेलं आहे की रमी हा बुद्धीचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा नुसत्या नशिबाचा नाही. ते प्रकरण आपल्या शेजारचंच, सिकंदराबादच्या एका क्लबाचं. पानं वाटली जातात तेवढंच नशीब. कोणतं ठेवायचं, कोणतं सोडायचं अन् काय काय पडून गेलं, हे डोक्याचं काम. पैसे लावून कुणी धंदा मांडला तर ती गोष्ट वेगळी.

तुमच्या बैलजोडीबद्दल वाईट वाटलं. पैसा नको तर पॉइंट लिहा. चित्रं अन् एक्का १०-१०, बाकीचे जेवढ्याचे तेवढे, एका डावात ८० च्या वर धरायचे नाहीत. अन् हरेल त्यानं चिखलात उतरून पाईप उचलायचे. बघा झोप येते का!

आखाड्यावरचा

गोदाकाठ भाऊ, ७१ वर्षाच्या माणसाला मी चिखलात उतरवतो व्हय? म्हणजे हरलो तरी पाईप मीच उचलायचे, जिंकलो तरी मीच. अन् दुसरं, थंडीत नानांची बोटं आखडतेत. तेरा पानाचा पंखा त्यांच्या हातात राहत नाही, दोन-तीन निसटून पडतेतच. पडलेलं पान मी बघत नाही म्हणलं तर त्यांना खोटं वाटतं.

काल रात्री गुरुजींचं मांडणीचं सात-आठ खेळलोत. बाजेवर वाकळ अंथरली, त्याच्यावर मांडलं. पाचच पानं हातात धरायची म्हणून नाना खूश. पहिलाच हुकूम किलवर बोलले अन् ८ च्या जागी ११ हात केले. दुसऱ्या डावात माझी तीन पानं ओढली, त्यातला एक राजा. तिसरा डाव लागला अन् ताडपत्री फडकली. उघडी पानं उडाली, पालथी सुलट झाली, एक वाकळंच्या घडीत गेलं. मंग गिट्टीचे दहा खडे आणले अन् एकेका जोडीवर एकेक ठेवला. पान टाकायचं म्हणलं की खडा उचल, पान काढ, खालचं सुलट कर, खडा ठेव. एका डावाला पाऊण तास लागला. गुरुजी, खेळ लई भारी आहे, पण तो पावसाळ्यात घरी खेळायचा. आखाड्यावर काही जमायचं नाही.

बदाम साताचंबी तेच होणार. ताई, मांडणी एवढी मोठी की बाज पुरायची नाही.

होस्टेलवाला (छत्रपती संभाजीनगर)

काका, जर्मन व्हिस्ट करून बघा. नाव मोठं आहे, खेळ मेंढीकोटवाल्यांना पाच मिनिटांत येतो. आमच्या होस्टेलला सुट्टीत दोघंच उरलो होतो तेव्हा आठ दिवस हेच चालू होतं.

अख्खा कॅट घ्या, जोकर बाजूला. १३-१३ पानं. उरलेली २६ मध्ये पालथी गड्डी करून ठेवा आणि वरचं एक पान उघडं करा. त्याचा जो रंग तो हुकूम, शेवटपर्यंत. आता नेहमीसारखी उतारी, रंगाला रंग द्यायचा, नसेल तर हुकमानं कापा किंवा दुसरं काही टाका. हात जिंकणाऱ्याला गड्डीवरचं उघडं पान मिळतं. हरणाऱ्याला त्याच्या खालचं, पालथं, ते फक्त त्यानंच बघायचं. मग पुढचं पान उघडं करायचं. गड्डी संपेपर्यंत १३ हात होतात, त्यांची मोजणी शून्य. ते फक्त पानं गोळा करायला. गड्डी संपली की दोघांकडं १३-१३ पानं राहतात, आणि हे दुसरे १३ हात मोजायचे. ७ झाले की जिंकला.

गुरुजींची लपलेल्या पानांची अट यात पूर्ण होते. पहिल्या अर्ध्यात समोरच्याकडं काय आहे ते कळत नाही. दुसऱ्या अर्ध्यात, काय काय पडून गेलं हे लक्षात असेल तर त्याचा अख्खा हात सांगता येतो. माझ्या कधी लक्षात राहायचं नाही. रूममेटच्या राहायचं.

एक चूक आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला वाटतं प्रत्येक हात जिंकावा. नाही जिंकायचा. उघडं पान चव्वी असेल आणि ती हुकमाची नसेल, तर तिच्यासाठी एक्का कशाला घालवायचा?

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

उत्तम सुचवलंत. मला माहीत नव्हता. पण तेरा पानांचं काय? नानांची बोटं?

आखाड्यावरचा

गुरुजी, बोटाचा इलाज नानांनीच काढला. चपटी पायली उलटी मांडीवर ठेवायची, तिच्या कडेला पानं उभी टेकवायची अन् पुढून टॉवेल लावायचा. मला त्यांचं काहीच दिसत नाही. मी मात्र हातातच धरतो.

तीन रात्री झाल्या. आता सांगतो.

गड्डी एकच, तिच्यावर खडा एकच. वारं आलं तरी काही बिघडत नाही. एक वाजला की आपली पानं पायलीखाली झाकायची, गड्डीवर खडा आहेच, पाईप बदलून येऊन परत तिथूनच. नाव काही नानांच्या तोंडात बसलं नाही. पहिल्या रात्री विचारायलते, ‘जर्मनचे लोकंबी रात्रीच पाणी देतेत का रे?’ दुसऱ्या रात्रीपासून त्यांनीच नाव ठेवलं, दगडी. ‘आण, दगडी खेळू.’

पहिल्या डावात मी गड्डीवरची सगळी मोठी पानं जिंकली. दोन एक्के, तीन राजे. नाना हरतच होते. मला वाटलं, म्हातारं थकलं आज. मंग गड्डी संपली अन् मोजायचे तेरा हात सुरू झाले. नानांकडं हुकमाची पानं आठ. आठ! मी एक्का टाकला की कापला. राजा टाकला की कापला. विचारलं, आलं कुठून एवढं? तर म्हणले, तू चौकटच्या राजासाठी इस्पिकचा गुलाम मारला, तवा मला खालून हुकमाची नश्शी आली. तू खुश होतास मंग मी कशाला सांगू. होस्टेलवाल्या भावानं चूक आधीच सांगितल्ती, मी ती वाचून, ध्यानात ठेवून मंग केली.

दुसरी गोष्ट, शेवटची पाच-सहा पानं राहिली की नाना माझ्याकडं न बघता माझी पानं बोलून दाखवतेत. ‘बदामाची राणी, सत्ती, किलवरचा राजा, अन् ती दुर्री जी तू पहिल्यापासून धरून बसलास.’ ५२ पानं ध्यानात ठेवणारा माणूस सोसायटीच्या कागदावर सही करताना तीन वेळा विचारतो, इथंच का?

आतापर्यंत १४ डाव झाले. १२ नानांचे. एकदा मी जिंकलो ते स्टार्टर पडला म्हणून नाना विहिरीवर गेल्ते अन् आल्यावर त्यांचं ध्यान मोटारीत होतं. दुसऱ्यांदा खरंच जिंकलो.

पाणी वेळेवर बदलायलं. एकदाच सव्वाचार झाले, कारण डाव ६-६ वर होता अन् शेवटचा हात राहिल्ता.

आता अडचण वेगळीच झाली. काल पाईप उचलायला गेलो तेव्हा किलवरची तिर्री गायब. खिशात नाही, वाकळंत नाही, पायलीखाली नाही. दिवस उजाडल्यावर हरभऱ्यात सापडली, लगदा होऊन. तिच्या जागी एक जोकर घेतला अन् त्याच्यावर पेनानं तीन किलवर काढले. पण त्या जोकरच्या पाठीवर चहाचा डाग आहे. ती तिर्री उघड्या पानाखालची, म्हणजे हरणाऱ्याला जाणारी, आली की दोघांनाही कळतं. मंग दोघंबी हात हरायला बघत नाहीत, दोघंबी जिंकायला बघतेत, अन् नाना मुद्दाम इतकं मोठं पान टाकतेत की तिर्री माझ्याच गळ्यात पडावी.

उद्या जिंतूरला जायचं आहे, नवा कॅट आणायचाच आहे. प्लास्टिकचा आणू का कागदी? प्लास्टिकचा निसटतो म्हणतेत.

लेक लातूरची

प्लास्टिकचाच आणा. कागदी दवानं फुगतो, मग पिसताच येत नाही. आणि दोन आणा.

गोदाकाठ (नांदेड)

दोन आणले की रमी अजून भारी जमते. सहज सांगून ठेवतो.